सुजातेचा चेहरा

अंबरनाथच्या आमच्या वस्तीत सत्त्याऐंशी साली जे झालं, त्याचा दोष माझा आहे. मी इतिहासाचा मास्तर. कुणी विचारलं नाही तरी समजावून सांगायची खोड हाडीमाशी मुरलेली.

नववीला युरोपातलं प्रबोधन शिकवताना माझ्या अंगात यायचं. रविवारी विहारात वंदना झाली की तिथंही मी तेच काढायचो. हजार वर्षं तिकडच्या चित्रांत सोनेरी, निर्विकार देवच होते. मग चित्रकारांनी शेजारची धोबीण समोर बसवली आणि तिच्यावरून देवाची आई रंगवली. माणूस भिंतीवर आला, असं मी ठासून सांगायचो आणि लोक जांभया द्यायचे. ऐकायचा तो एकटा सुदाम.

सुदाम एमआयडीसीत लेथवर होता. शिफ्ट सुटली की दुकानांच्या पाट्या रंगवायचा. विहाराची नवी भिंत कमिटीने त्याच्या हवाली केली, तेव्हा त्याने सुजाता काढायला घेतली. उपासाने खंगलेल्या गौतमापुढे खिरीचं भांडं धरणारी सुजाता. तिला त्याने चेहरा दिला आपल्या आईचा, भिमाबाईचा. तरुणपणीच्या भिमाबाईचा. त्या वयात तिला वस्तीतल्या कुणीच पाहिलेलं नव्हतं, त्यामुळे कुणी ओळखण्याचा प्रश्न नव्हता. जन्मभर विटा वाहिलेल्या त्या बाईचा एकही फोटो कधी निघाला नव्हता.

भिमाबाई तेव्हा मोतीबिंदूचं ऑपरेशन करून कात्रपला लेकीकडे होती. "पट्टी सुटली की पौर्णिमेला पहिलं इथंच आणणार," सुदाम मला म्हणाला. "तिला सांगितलंय, तुला काढलंय म्हणून. तुम्ही मात्र कोणाला बोलू नका हां, सर."

मी बोललो. वैशाख पौर्णिमेच्या आदल्या रविवारी चित्रावरचा पडदा काढला. लोक वाहवा करत होते आणि मला राहवेना. मी उठून म्हणालो, "दोन वर्षं मी जे सांगतोय ते आज आपल्या वस्तीत घडलंय. ही सुजाता म्हणजे आपली भिमाबाई." टाळ्या पडतील अशी माझी खात्री होती. एकही पडली नाही. सुदामने मान खाली घातली.

संध्याकाळी कमिटीची मीटिंग लागली. अध्यक्ष शंकरराव तसे सरळ माणूस. ते शांतपणे म्हणाले, "छप्पन साली माझ्या बापाने घरातले देव नदीत सोडले, सर. कोणापुढे वाकायचं नाही म्हणून. आता या चेहऱ्याला पोरं हात जोडणार. मग आपण सोडलं काय?"

मी म्हणालो, बुद्ध माणूस होता असं आपणच सांगतो ना? मग सुजातेला माणसाचा चेहरा का नको?

"माणसाचा असू द्या की," कमिटीतल्या शालनबाई म्हणाल्या. "पण भिमाबाईचा कशाला? काल नळावर माझी तिच्या सुनेशी जुंपली. आज सासूसमोर डोळे मिटून बसू काय?"

सगळे हसले. त्या हसण्यात माझं प्रबोधन वाहून गेलं. मला रागही येईना, कारण दोघांचंही म्हणणं मला कळत होतं. ठराव मांडला गेला, चेहरा बदलावा. मी सेक्रेटरी. आमच्या वहीत प्रत्येक ठरावापुढे 'एकमताने' लिहायची पद्धत आहे. मी तसंच लिहिलं आणि सही केली.

सुदाम भांडला नाही. मला शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. दोन दिवस सेकंड शिफ्टच्या आधी येऊन त्याने तो चेहरा पुसला आणि कॅलेंडरवरच्या बाईचा गोरा, टपोऱ्या डोळ्यांचा चेहरा काढला. अगदी सफाईने काढला. लोक खूश झाले.

पौर्णिमेला सकाळीच तो आईला घेऊन आला. तिने पांढरं लुगडं नेसलं होतं, डोळ्यांवर नवा जाड चष्मा होता. भिंतीजवळ जाऊन ती कितीतरी वेळ बघत राहिली. आधी सुजातेकडे, मग कोपऱ्यातल्या झाडाकडे, गाईंकडे, पुन्हा सुजातेकडे. मला पळून जावंसं वाटत होतं.

शेवटी ती माझ्याजवळ आली. सुदाम चपला ठेवायला गेला होता, तेवढ्यात हळूच म्हणाली, "सर, तो बोलला होता मला काढलंय. मी नाय कुठं दिसत. पोराला जमलं नाय वाटतं."

"भिमाबाई, तसं नाही, त्याचं असं झालं..."

"राहू द्या. त्याला काय बोलू नका, वाईट वाटंल त्याला. शिकला कुठं तो? पाट्या रंगवणारं पोर."

सुदाम मागे येऊन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. मी तोंड उघडलं. त्याने माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवली आणि आईचा हात धरला.

"हां आई," तो म्हणाला, "नाय जमला मला तुझा चेहरा."