वरची घडी

जयनगरमधल्या आमच्या साडीच्या दुकानासाठी मी सॉफ्टवेअर घेतलं. गिऱ्हाईक पडद्यावर साडी नेसलेलं दिसेल, अशी जाहिरात होती. बटण दाबलं की नुसतं ‘लवकरच येत आहे’ दिसायचं.

आज ते विकणारा विनोदकुमार शेजारच्या शकुंतलाबाईंच्या दुकानात तेच विकायला आला. मी दोघांना आमच्या गादीवर आणून बसवलं.

“ते पुढच्या अपडेटमध्ये येईल, अक्का,” विनोदकुमार म्हणाला.

“आम्ही साडी पदरापर्यंत उलगडतो, मगच विकतो. तूही उलगड,” मी म्हटलं.

त्यानं मोबाईलवर जाहिरातच लावली.

“ही वरची घडी झाली. आत काय आहे?” शकुंतलाबाईंनी विचारलं.

तो उठू लागला. मी त्याच्यापुढे कॉफी ठेवली.

“बस. बाकीच्या दुकानदारांना बोलावलंय. त्यांनाही पदर बघायचाय.”