उघडताच काय दिसावं

चष्म्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं, त्यांचे नंबर, फ्रेमी, काचा, सगळं थोरल्या सुनेनं कॉम्प्युटरवर आणलं होतं. तो डेटाबेस तिनं एकटीनं, चुकतमाकत उभा केला होता. पण तो चालवणंही तिलाच जमे. धाकट्या जावेला काउंटरवर बसवायचं ठरलं, तेव्हा सासरे म्हणाले, "सूनबाई, तिला डोकं खाजवायची वेळ येऊ नये, इतकं सोपं करून टाक."

ती लागली कामाला. फाइल उघडताच 'नवं गिऱ्हाईक' आणि 'जुनं गिऱ्हाईक' अशी दोन मोठी बटणं समोर यावीत, असं तिनं सुरुवातीच्या सेटिंगमध्ये बसवलं. वरच्या पट्टीवर दुकानाचं नाव घातलं. जावेच्या हातून काही पुसलं जाऊ नये म्हणून डावीकडची, सगळी माहिती साठवणाऱ्या टेबलांची यादी लपवली. शिफ्टचं बटण धरून फाइल उघडली की लपवलेलं सगळं दिसतं. ती पळवाटही बंद केली.

"ताई, एवढंच?" जावेनं विचारलं.

"एवढंच."

सासऱ्यांनी शेजारच्या दुकानदारांना बोलावून कॉम्प्युटरचा पडदा दाखवला. "आमच्या धाकट्याची करामत!"

दीर हसला. नाही म्हणाला नाही. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, तर तो मान खाली घालून काच घासत होता.

"तुम्ही बोलला का नाहीत?" तिनं घरी विचारलं.

"बाबांना त्याचं बस्तान बसवायचंय. तुझं काय गेलं त्यात?"

दुसऱ्या दिवसापासून तिला दुकानात कुणी बोलावलं नाही.

मग नव्या प्रकारच्या काचा आल्या, त्यांच्यासाठी एक रकाना वाढवायचा होता. दिराचा फोन आला. "वहिनी, टेबलं गेली कुठं? शिफ्ट दाबून दाबून बोट दुखलं माझं."

"तुम्हीच केलंय ना भावजी? मग तुम्हालाच ठाऊक."

त्यानं फोन ठेवला. संध्याकाळी सासरे कडाडले, "घरचं दुकान अडवून धरतेस?" नवरा हळूच म्हणाला, "देऊन टाक उघडून. उगाच तमाशा नको."

सकाळी ती दुकानात गेली. दुसऱ्या एका फाइलमधून हुकूम देऊन तिनं शिफ्टची पळवाट मोकळी केली, टेबलं समोर आणली, रकाना वाढवला आणि दिराला सगळं नीट समजावून सांगितलं. ती उठली तशी जाऊ ओशाळून म्हणाली, "बसा ना ताई, चहा सांगते."

दीर पडद्यावरची नजर न काढता म्हणाला, "तू बस गं जागेवर. वहिनी निघाल्याच आहेत."

तिनं पर्स उचलली. नवरा आतल्या खोलीत यंत्रावर काचा घासत होता. यंत्राचा आवाज क्षणभर थांबला, आणि पुन्हा सुरू झाला.