म्हणे दोष कर्ण्याचा

मित्रांनो, मी लाउडस्पीकरचा एक जुना कर्णा आहे. तोंड भलं मोठं आणि आत पोकळ, एवढ्यावरून कुणी मला पुढारी समजू नये. पुढाऱ्याला आपलं कालचं बोलणं आज आठवत नाही. मला मात्र सारं आठवतं.

माझा जन्म मुंबईच्या एका कारखान्यात झाला. पत्रा ठोकून, वाकवून, फुलासारखा उमलवून मला घडवलं आणि राखी रंग दिला. पहिली काही वर्षं मी कुठल्याशा नाटक मंडळीकडे होतो. ती मंडळी मोडली आणि मी पुण्याच्या जुन्या बाजारात येऊन पडलो. तिथून मला कादरनं उचललं. पिंपरीच्या बाजाराच्या गल्लीत त्याचं छोटंसं दुकान होतं. रेडिओ, सायकलचे दिवे, बॅटऱ्या दुरुस्त करायच्या आणि कर्णा भाड्यानं द्यायचा, हा त्याचा धंदा. त्यानं माझ्या कडेचा पोचा ठोकून सरळ केला, आतून-बाहेरून तेलाचं फडकं फिरवलं आणि शेजाऱ्यांना सांगितलं, की माल जुना आहे पण चोख आहे. एवढी स्तुती मला पुरेशी होती.

ते दिवस सुखाचे होते. कार्तिकात पहाटेच्या काकड्याला मला देवळाच्या पिंपळावर बांधत. थंडीनं माझ्या पत्र्यावर दव जमे आणि त्यातून अभंग बाहेर पडे तेव्हा वाटे, आपल्या जन्माचं सोनं झालं. लग्नात मी मंगलाष्टकं म्हटली, उरुसात कव्वाली म्हटली. हरवलेल्या पोरांची नावं पुकारून त्यांना आईपर्यंत पोहोचवलं. जे आत यायचं ते मी बाहेर द्यायचो. त्यात माझं स्वतःचं काही मिसळत नसे. हाच माझा नेम होता आणि तो मी कधी मोडला नाही.

मग सत्तावन्न सालची निवडणूक आली, आणि मला हिंदुरावांच्या गळ्यात बांधलं.

हिंदुराव म्हणजे त्या भागातले मोठे पुढारी. त्यांचा पक्ष रीतभात राखणाऱ्यांचा. मुलीला वडिलांच्या मिळकतीत वाटा मिळू लागला, की ते म्हणत धर्म बुडाला. आपल्या पिंपरीत औषधांचा कारखाना उभा राहिला आणि बायका तिथं बाटल्या धुवायला, चिठ्ठ्या चिकटवायला जाऊ लागल्या, तेव्हाही ते म्हणाले धर्म बुडाला. मित्रांनो, धर्म इतक्या वेळा बुडतो आणि यांचं धोतर मात्र कधी ओलं होत नाही, याचं मला नवल वाटायचं. सभेला उभे राहिले, की कपाळावर भंडाऱ्याचा हा एवढा मळवट, आणि सुरुवात ठरलेली, ‘येळकोट येळकोट जय मल्हार.’ खंडोबाचं नाव माझ्यातून गेलं, की माझा पत्रा शहारायचा. त्यामागून जे यायचं त्यानं मात्र मला विटाळ झाल्यासारखं व्हायचं.

त्यांची पहिली सभा पुनावळ्यात झाली. तिथं तेव्हा वीज नव्हती. कादरनं बैलगाडीतून बॅटरी नेली आणि मला चावडीपुढच्या लिंबावर बांधलं. पुढं सारी जमीनदार, पागोटेवाली मंडळी बसलेली. त्यांना काय आवडतं ते हिंदुरावांना पक्कं ठाऊक. ते कारखान्याच्या विषयावर आले आणि म्हणाले,

“ज्या घरची बाई पगाराला जाते, त्या घरच्या दारात तुळस जगत नाही. आणि अशा घरची लेक जो सून म्हणून आणतो, तो आपलं घर आपल्या हातानं बाटवतो.”

लोक हसले, टाळ्या पडल्या. हिंदुराव मिशीत हसले, पुढं बोलत राहिले, आणि फेटा सावरून मोटारीत बसून निघून गेले. त्यांच्या दृष्टीनं ते टाळीचं एक वाक्य होतं. पण ते वाक्य मागं गावातच राहिलं.

त्या सभेत पुढच्या रांगेत दत्तोबा बसले होते. पुनावळ्याचे शेतकरी, हिंदुरावांच्या पक्षाचे जुने माणूस. त्यांच्या मुलाची सुपारी फुटली होती ती पिंपरीच्या छबूबाईच्या शालनशी. आणि छबूबाई कारखान्यात बाटल्या धुवायला जात होती. नवरा गेल्यावर साताऱ्याकडून एकटीच लेकीला घेऊन आली, चाळीत एका खोलीत राहिली, लेकीला सातवीपर्यंत शिकवलं. सभेच्या दुसऱ्या दिवसापासून दत्तोबांना पारावर बसणं अवघड झालं. कुणी विचारी, दत्तोबा, सून आणताय का शिफ्ट आणताय? कुणी म्हणे, अंगणात वृंदावनाच्या जागी मशीनच बसवा राव. आठवड्याच्या आत त्यांनी निरोप धाडला, की लग्न होणार नाही.

हा निरोप पोचवायचं काम यशोदाबाईंच्या वाट्याला आलं. यशोदाबाई दत्तोबांची चुलत बहीण, पिंपरीत दिलेली, छबूबाईच्या चाळीमागंच त्यांचं घर. सोयरीक त्यांनीच जुळवलेली. फार हळू बोलणारी बाई. सूर्याला अर्घ्य दिल्याशिवाय पाण्याचा थेंब तोंडात घ्यायची नाही. सोमवार महादेवाचा, रविवार खंडोबाचा. एक नेम चुकलेला कुणी पाहिला नव्हता. छबूबाईनं निरोप ऐकला आणि ती दारातल्या डालड्याच्या डब्यातल्या तुळशीला पाणी घालत राहिली, असं त्या सांगत. शालन आत भाकऱ्या थापत होती. तिचा हात थांबला तो थांबलाच.

मोडलेल्या लग्नाच्या मुलीला आपल्याकडे काय म्हणतात हे मी सांगायला नको. यशोदाबाई भावाकडे गेल्या. दत्तोबा म्हणाले, आक्का, मी काय करू, साहेबांनी चारचौघांत सांगितलं. साहेबांनी चारचौघांत शब्द मागं घ्यावा, मी उद्या हळद लावतो.

म्हणून त्या हिंदुरावांच्या वाड्यावर गेल्या. साहेब पूजेत होते. दुसऱ्यांदा गेल्या. साहेब जेवत होते. तिसऱ्यांदा साहेबांचे चिटणीस रंगराव बाहेर आले आणि म्हणाले, साहेब असं बोललेच नाहीत. कर्णा खराब होता, काहीतरी भलतंच बाहेर पडलं. आणि कर्णेवाला तो कादर. त्यांच्याकडून दुसरी अपेक्षा काय करायची?

हे सारं यशोदाबाईंनी दुकानाच्या पायरीवर उभं राहून कादरला सांगितलं. मी वर खिळ्याला टांगलेला, सगळं ऐकत होतो. मित्रांनो, त्या दिवशी मला जी लाज वाटली ती पुन्हा कधी वाटली नाही. माझ्यातून काकडा गेला, अजान गेली, हरवलेल्या पोरांची नावं गेली. कुणी म्हटलं नाही, की कर्ण्यानं खोटं सांगितलं. आणि हे गृहस्थ आपली थुंकी माझ्या तोंडाला पुसून मोकळे झाले.

कादरनं हातातलं फडकं खाली ठेवलं. मग म्हणाला, “बोलले, मावशी. जे आत गेलं तेच बाहेर आलं. पण माझ्या बोलण्याला कोण विचारतं?”

यशोदाबाई एवढंच म्हणाल्या, “तुला न्हाई विचारायचं, बाबा. त्यांनाच विचारायचं.”

हिंदुरावांची पुढची सभा पिंपरीत होती, कारखान्याजवळच्या मैदानावर. साऱ्या निवडणुकीचं भाडं आधीच ठरलेलं, म्हणून खराब ठरवलेला मीच तिथंही बांधला गेलो. रविवारची संध्याकाळ, सुटीचा दिवस, म्हणून कामगारांची गर्दी झाली. एका बाजूला बायकाही बसल्या होत्या. मला वाटलं, आज साहेब काय बोलणार? आणि काय सांगू, मित्रांनो! तोच मळवट, तोच येळकोट, आणि मग तेच तोंड म्हणालं, की कारखान्यात राबणारी बाई म्हणजे साक्षात लक्ष्मी, अशा कष्टाळू भगिनींची लेक ज्या घरात जाईल त्या घराचं भाग्य उजळेल. चावडीपुढं एक आणि मैदानात एक. बहुरूपी निदान सोंग बदलताना कपडे तरी बदलतो. मला ओकारी आली असती, पण पत्र्याला ती सोय नाही.

साहेब दम घ्यायला थांबले तेवढ्यात बायकांमधून यशोदाबाई उठल्या. डोक्यावर पदर, हातात छोटी ताटली. सकाळच्या पूजेतला भंडारा आणि त्यावर बेलाचं पान. त्या मंचापाशी गेल्या आणि आपल्या नेहमीच्या बारीक आवाजात काही म्हणाल्या. कुणाला ऐकू गेलं नाही. साहेबांना वाटलं, बाई ओवाळायला आली. ते गर्दीकडे बघून हसले.

“मावशी, मोठ्यानं बोला. लोकांनाही कळू द्या,” असं म्हणून त्यांनी स्वतःच्या हातानं माइक वाकवून त्यांच्या तोंडाशी धरला.

मित्रांनो, आयुष्यभर मी मोठे आवाज आणखी मोठे केले. त्या दिवशी पहिल्यांदा एक बारीक आवाज माझ्याकडे आला आणि मी तो जिवाभावानं उचलला.

“साहेब, पुनावळ्यात तुमी म्हनला, पगाराला जानाऱ्या बाईच्या दारात तुळस जगत न्हाई, आन तिची लेक आननारा घर बाटवतो. त्या बोलन्यानं एका पोरीचं लगीन मोडलं. ते बोलनं तुमचं का न्हाई?”

साऱ्या माना मंचाकडे वळल्या. साहेबांच्या चेहऱ्यावरचं हसू काही क्षण तसंच राहिलं, वाळत घातलेल्या धोतरासारखं. मग ते म्हणाले, की मावशी, तुमचा गैरसमज झाला, मी असं बोललोच नाही, सारा दोष त्या दिवशीच्या कर्ण्याचा.

यशोदाबाईंनी ताटली पुढं केली. “मग ह्यो बेलभंडार उचला आन येवढंच म्हना. मी गप घरी जाते.”

मित्रांनो, तुम्ही लहान आहात म्हणून सांगितलं पाहिजे. आमच्याकडे गावातला कितीही मोठा तंटा असो, माणसानं बेलभंडार उचलून शब्द दिला, की तिथं वाद संपतो. खंडोबाचा भक्त तो उचलून खोटं बोलत नाही. चोरही बोलत नाही. चोर तेवढ्यापुरता खरं सांगून टाकतो.

हिंदुरावांनी ताटलीकडे पाहिलं. त्यांचा हात पुढं आला आणि उपरण्याशी चाळा करून परत गेला. कपाळावरचा भंडारा घामानं भुवईवर उतरला होता. मग ते अगदी गंभीर होऊन म्हणाले,

“देवाधर्माला असं राजकारणात ओढू नये.”

हे वाक्य मी इतकं स्वच्छ बाहेर दिलं, की स्टेशनवरच्या हमालांनीही ऐकलं म्हणतात. मागून कुणीतरी शांतपणे विचारलं, “कपाळाला चालतो, आणि हाताला चालत नाही का साहेब?” मैदान हसलं. पुनावळ्यातही लोक असेच हसले होते, पण तिथलं हसू साहेबांच्या बाजूचं होतं.

रंगरावांनी कादरला खूण केली, बंद कर. कादर बॅटरीची तार तपासण्यात फार गुंतला होता.

तेवढ्यात मंचाच्या बाजूला, पक्षाच्या माणसांत बसलेले दत्तोबा उठले. ते त्या दिवशी साहेबांच्या मोटारीतूनच आले होते. हळूहळू चालत आले, चुलत बहिणीच्या हातातल्या ताटलीतलं बेलाचं पान उचललं, भंडाऱ्याची चिमूट घेतली. माइक अजून तिथंच होता.

“साहेब बोलले,” ते म्हणाले. “मी पुढंच बसलो व्हतो. समदे हसले तवा मी बी हसलो. कर्न्याचा काय बी दोष न्हाई.”

मग ते बायकांच्या बाजूला वळले. तिथं छबूबाई बसली होती, शालन तिच्या पाठीशी. दत्तोबांनी हात जोडले आणि म्हणाले, की छबूबाई, पोर आमची आहे, झालं गेलं पोटात घाला.

सगळ्यांना वाटलं, आता छबूबाई रडणार. ती उभी राहिली. माइक लांब होता, तरी तिचा शब्द न् शब्द माझ्यापर्यंत आला.

“आधी माझ्या दारातली तुळस बघून जावा, दत्तोबा. मग बोलू.”

दत्तोबा गेले. त्या संध्याकाळी, दिवेलागणीला, चाळीतल्या त्या डालड्याच्या डब्यापुढं पागोटं काढून उभे राहिले. तुळस हातभर वाढलेली, मंजिऱ्यांनी लवलेली होती. लग्न वैशाखात झालं आणि त्या लग्नात मंगलाष्टकं मीच म्हटली. कादरनं मला आदल्या दिवशी चिंचेनं घासल्यासारखं घासून काढलं होतं.

आता तुम्ही विचाराल, हिंदुरावांचं काय झालं? ते निवडून आले. हो, आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गावोगाव सांगितलं, की पिंपरीतही कर्ण्यात बिघाड होता. लोकांनी ऐकून घेतलं. धर्माच्या नावानं सांगितलं, की पुष्कळ लोक पुष्कळ काही ऐकून घेतात. आजही ते सभेत येळकोट म्हणतात, फक्त आता नव्या, चकचकीत कर्ण्यातून. त्या पोराची मला दया येते. सारे दोष त्याच्या माथी येणार.

मी आता दुकानाच्या माळ्यावर असतो. कडेला गंज चढला आहे. पोटात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं आहे. कधी एखादं मूल मला खाली काढतं, तोंड लावून ओरडतं आणि पळून जातं. माझी तक्रार नाही. फक्त एवढं मागणं आहे, की आलात तर एकदा फडकं फिरवा. आणि माझ्या तोंडात शब्द घालण्याआधी मनातल्या मनात बेलभंडाऱ्याची ती ताटली समोर धरून बघा. हात पुढं जात असेल तर खुशाल बोला, कितीही मोठ्यानं. जात नसेल तर गप्प राहणंही पुण्याचंच आहे.

पुनावळ्याला कधी गेलात तर दत्तोबांच्या अंगणात डोकवा. तिथलं वृंदावन जुनं आहे. त्यातली तुळस मात्र छबूबाईच्या डब्यातल्या रोपाची आहे, आणि ती झपाट्यानं वाढते आहे.