उजव्या बाजूचे दार

सकाळचे ऊन त्या कार्यशाळेत कधी समोरच्या दाराने येत नसे. पूर्वेच्या भिंतीत, छपराच्या अगदी खाली, चार काचा होत्या आणि त्यांवर वर्षानुवर्षांच्या रंगाचे कण बसलेले होते. उजेड आधी त्या काचांपाशी थबके, आत यावे की न यावे याचा जणू विचार करी, आणि मग संकोचत भिंतीवरून खाली उतरे. प्रथम खिळ्यांना टांगलेल्या रबरी पट्ट्या उजळत. मग स्टिकरांचे उभे रोल, जवळचे आधी, कोपऱ्यातले उशिरा. मग फळीवर उपडे घातलेले तीन कप. त्या उजेडात ऊब नसे आणि घाईही नसे. सर्वांत शेवटी तो सिमेंटच्या ओल्या जमिनीवर पोचे आणि तिथून आडवा होऊन, गालाला गाल लावावा तसा, उभ्या गाडीच्या पत्र्याला टेके. दुपारचे डोक्यावरचे ऊन सगळ्याच गाड्यांना देखणे करते; या तिरप्या उजेडापुढे मात्र पत्र्याला काही लपवता येत नाही. प्रत्येक पोचा, प्रत्येक चरा, कुणी कधी केलेली डागडुजी, सारे तो शांतपणे सांगून टाकतो.

या उजेडासाठीच मुनी सर्वांच्या आधी येई. कमी बोलण्यामुळे घरात त्याचे हे नाव पडले होते. सव्वीस वर्षांचा झाला तरी ते सुटले नव्हते. कार्यशाळा त्याच्या वडिलांची. जुन्या गाड्यांवरचे स्टिकर काढणे, पत्रा घासूनपुसून नवा करणे आणि गिऱ्हाइकाला हवी तशी नवी सजावट करणे, हे तिथले काम. काम करणारे तिघेच: बाबा, मुनी आणि तीन वर्षांपूर्वी ताईशी लग्न झाल्यापासून तिथे येऊ लागलेले दाजी.

आज समोर उभी होती ती एका नर्सबाईंनी विकत घेतलेली जुनी निळी गाडी. आधीचा मालक हौशी असावा. दोन्ही बाजूंना डिकीपासून बॉनेटपर्यंत पंजे पसरून झेपावणारा वाघ होता, चाकांभोवती ज्वाळा होत्या. काल गाडी सोडताना बाई म्हणाल्या होत्या, "पंपावरची पोरं विचारतात, वाघाचं जेवण झालं का? हा प्राणी उतरवा एकदाचा. एक बारीक चांदीची रेघ द्या, पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत. बास."

त्या रेघेवरच सगळे येऊन ठेपले होते. आजवर रेघ बाबाच ओढत. दिव्यापाशी स्टिकरच्या बारीक पट्टीचे टोक चिकटवायचे, पट्टी ताणून धरत मागे मागे चालत जायचे आणि एकाच दमात ती पत्र्यावर टेकवायची. हात अडखळला की रेघेला लाट येते, आणि लाट आलेली रेघ जन्मभर तशीच दिसते. पण गेल्या वर्षापासून बाबांचा हात थरथरू लागला होता. काल संध्याकाळी ते म्हणाले होते, "डावी बाजू तू, उजवी जावईबापू. ज्याची रेघ सरळ, इथून पुढं रेघ त्याची."

मुनीला रात्रभर नीट झोप लागली नव्हती.

त्याने गाडी धुतली, पुसली आणि उजेडाच्या रेषेत खाली बसून तो पत्रा वाचू लागला. डावी बाजू स्वच्छ होती. उजव्या बाजूच्या पुढच्या दाराशी मात्र उजेड अडखळला. वाघाच्या जबड्याखालचा रंग संत्र्याच्या सालीसारखा बारीक खरखरीत होता आणि कडीच्या रबराशी रंगाची केसाएवढी कड राहिली होती. दार कधीतरी ठोकर लागलेले, पुट्टी भरून पुन्हा रंगवलेले, आणि त्यावर स्टिकर. असला दुबार रंग पत्र्यापेक्षा स्टिकरलाच अधिक धरून असतो. स्टिकर ओढला की सालपटासारखा त्याच्यासोबत निघून येतो. म्हणून कार्यशाळेचा दंडक होता: ज्याला दुबार रंग दिसेल त्याने त्या दाराच्या काचेवर खडूने फुली मारायची.

मुनीने खडू उचलला. तेवढ्यात बाहेरून दाजींचे हसणे ऐकू आले, आणि पाठोपाठ बाबांचेही. बाबा असे मोकळे हसले की मुनीला नेहमी वाटे, हे हसू आपल्या वाट्याचे होते. त्याने खडू होता तिथे ठेवला.

"काय मुनिवर्य," दाजी आत येत म्हणाले, "आज मौनव्रत किती वाजेपर्यंत?"

"चालू आहे, दाजी."

"मोडलं ना! आता पहिल्यापासून धरा."

बाबा पुन्हा हसले. मग म्हणाले, "जावईबापू, तुम्ही घ्या उजवीकडून. आणि तू रे, उभा काय राहिलास? लाग डावीकडे."

तुम्ही घ्या, आणि तू लाग. गेली तीन वर्षे मुनी असे पुरावे गोळा करीत आला होता. चहाचा पहिला कप जावयाला. अवघड गाडी जावयाला. चूक झाली तर जावयाला "होतं असं" आणि मुलाला "डोळे कुठं होते?" जावयाचे लाड करायचे असतात आणि मुलाला गृहीत धरायचे असते, एवढाच त्याचा अर्थ, असे त्याने मनाशी पक्के करून ठेवले होते. हे त्याने कुणाला कधी सांगितले नाही. ते आत राहिले आणि ओल्या लाकडासारखे धुमसत राहिले.

त्याने हीटगन सुरू केली. गरम हवेने वाघाच्या शेपटीची कड सुटली, त्याने ती चिमटीत धरली आणि ओढली. पट्टे फरफर निघू लागले. खालचा रंग ऊन न लागल्याने गडद राहिला होता, त्यामुळे निघून गेलेल्या वाघाची सावली पत्र्यावर तशीच झेपावत राहिली. ती पॉलिशने मिटवावी लागणार होती. दहा वाजायच्या आत त्याचा अर्धा वाघ बादलीत होता.

"अति घाई संकटात नेई," पलीकडून दाजी म्हणाले. "घाटात पाटी असते बघा."

मुनी पट्टे ओढतच राहिला. त्याचे कान पलीकडे होते. दाजी गुणगुणत होते, आणि पुढच्या दाराशी येताच ते गुणगुणणे थांबले. गाडीच्या काचांमधून मुनीने पाहिले: दाजींनी दारावर तळहात ठेवला होता, आजाऱ्याच्या कपाळावर ठेवतात तसा. त्यांनी हीटगन बंद केली. वाघाच्या जबड्याच्या कोपऱ्यातली नखाएवढी कड त्यांनी उचलली आणि पत्र्याला जवळजवळ चिकटवूनच मागे दुमडली.

टक् असा अगदी बारीक आवाज झाला.

"बाबा," दाजी म्हणाले, "हे दार रंगवलेलं आहे. मसुराएवढी खपली गेली."

"हं," बाबा जागेवरूनच म्हणाले.

"मुनी, गाडी तूच धुतलीस ना रे सकाळी? काही दिसलं होतं का?"

"नाही."

शब्द इतक्या चटकन आला की तो आधीपासून तोंडात तयार असावा.

"नसेल दिसलं," दाजी म्हणाले. "मला तरी हात लावेपर्यंत कुठं कळलं?"

एखादा टोमणा परवडला असता. मुनीने मान खाली घातली, पण त्याच्या मनाने मात्र मान वर काढली होती. त्या मसुराएवढ्या खड्ड्यात त्याला केवढे सुख सापडले होते! आणि एवढ्यावर ते भागत नव्हते. त्याला आणखी हवे होते, दाराची सबंध साल निघावी, बाबांनी उठून यावे आणि एकदा तरी, जावयाला, "डोळे कुठं होते?" असे विचारावे.

तो हात चालवत वाट पाहत राहिला. पलीकडे किटलीतले गरम पाणी फडक्यावर ओतल्याचा आवाज येई, मग बराच वेळ काहीच नाही, मग पुन्हा पाणी. दाजी दारावर गरम फडकी घालून गोंद भिजवत होते आणि एका वेळी बोटाच्या पेराएवढा स्टिकर सोडवत होते. त्यांची नेहमीची टकळी बंद होती. एक तास गेला, दुसरा गेला. टक् असा आवाज पुन्हा आला नाही. दुपारी वाघाचे तोंड दारावरून अखंड सुटले. दाजींनी ते दोन्ही हातांनी स्वतःच्या चेहऱ्यापुढे धरले आणि गाडीवरून डोकावत डरकाळी फोडली. बाबांच्या हातातला चहा हिंदकळला.

"अहो जावईबापू, सांडेल!"

मुनीच्या बाजूचे काम केव्हाच आटोपले होते, पण उरकण्याच्या भरात मागच्या दारावर हीटगन जास्त वेळ रोखली गेली होती. तिथे रंगाची चमक वाटीएवढ्या भागात मेली होती. तो ती पॉलिशने घासत राहिला. ती थोडी परत आली, सगळी आली नाही.

चार वाजता रेघेची वेळ झाली. दाजींनी पट्टीचे टोक दिव्यापाशी चिकटवले आणि ते मागे चालू लागले. त्यांची नजर पट्टीवर नव्हतीच, ती मागच्या दिव्यावर होती. सात-आठ पावले, एक श्वास, आणि रेघ पत्र्यावर उतरली होती.

"दोन बोटं खाली घेतलीत," बाबा म्हणाले.

"तिथं खपली होती ना. झाकली गेली. बाईंना रेघेशी मतलब."

बाबांनी खाली वाकून एक डोळा मिटून रेघ पाहिली आणि नुसती मान डोलावली. मग त्यांनी मुनीकडे पाहिले.

मुनीने त्याच उंचीवर टोक चिकटवले. पहिली रेघ मागच्या दारापाशी वाकली. त्याने ती काढली. पट्टी जुनी आहे, म्हणाला, आणि नवा रोल फोडला. दुसरी तिथेच वाकली. खालचे सिमेंट उंचसखल आहे, म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," बाबा म्हणाले. पण त्यात धार नव्हती.

तिसऱ्या वेळी त्याने सबब शोधली नाही. लाट त्याची त्यालाच दिसली. दाजी मुद्दाम बाहेर जाऊन हात धूत उभे होते. नर्सबाई पाचला येणार होत्या.

"बाबा," मुनी हलक्या आवाजात म्हणाला, "ते दार मला सकाळीच दिसलं होतं. मी फुली मारली नाही."

"माहीत आहे."

"तुम्हाला कसं?"

"काल गाडी आली तेव्हाच मी हात फिरवला होता दारावरून. तू फुली मारतोस का, पाहत होतो."

मुनीचा आवाज चढला. "आणि दाजींना सांगून ठेवलं होतं?"

"त्यांना सांगावं लागत नाही."

"मग अवघड बाजू मुद्दाम त्यांनाच दिलीत. नेहमीसारखी."

"तुला दिली असती तर दार सोलून निघालं असतं, बाळा," बाबा म्हणाले. त्यांना राग नव्हता. उद्या थंडी पडेल असे सांगावे तसे ते सांगत होते. मग थरथरणारा हात खिशात घालून ते दाराशी जाऊन उभे राहिले.

मुनी वाकड्या रेघेपाशी गेला. ती त्याने सावकाश उचलली, गोळा करून टाकली आणि बाहेर हाक मारली. "दाजी."

"बोला मुनिवर्य."

"ही बाजूही तुम्हीच घ्या."

दाजींच्या ओठांवर काहीतरी थट्टा आली होती. त्यांनी ती गिळली आणि हात पुसत आत आले. "तू पुढचं टोक धर," एवढेच म्हणाले.

मुनीने दिव्यापाशी पट्टीचे टोक अंगठ्याने दाबून धरले. दाजी मागे चालू लागले, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच मुनीने ते कोणाचे कोण आहेत हे न आठवता त्यांच्या हाताकडे पाहिले. मनगट ढिले होते. पट्टी ताणलेली होती, पण बोटे ताणलेली नव्हती. जिथे त्याची रेघ तीनदा वाकली होती त्या मेल्या चमकेवरून पट्टी न थांबता पुढे गेली आणि मागच्या दिव्याशी जाऊन टेकली.

दाजींचा हात त्याच्या हातापेक्षा चांगला होता.