साखरेची खूण

"भाभीजी, दो शब्द," म्हणत समितीचे अध्यक्ष गजेंद्रबाबूंनी माइक माझ्या हातात दिला. टाळ्या वाजल्या. टाळ्या वाजवणाऱ्या प्रत्येक मनगटावर निळा रबरी पट्टा होता. मधुमेहाच्या निधीसाठी आमच्या जानकीपुरमच्या कॉलनी समितीने ते पट्टे विकले होते आणि आज त्याचा समारंभ होता. पहिल्या रांगेत आमचे हे, गोपीनाथ, समितीची शाल पांघरून बसले होते. सत्कार कशाचा, तर तीन दिवसांपूर्वी साखर उतरून मरता मरता वाचले, त्याचा. माझं डोकं तापलं होतं आणि मला ते लपवायचंही नव्हतं.

तो निळा पट्टा मुळात माझा. यांनी औषध संशोधन संस्थेत तीस वर्षं उंदरांना सुया टोचल्या, आता दिवसातून चार वेळा स्वतःला टोचतात. साखर एकदम उतरली की यांना घाम फुटतो, जीभ जड होते, पाय वाकडे पडतात. बघणाऱ्याला वाटतं, सकाळी सकाळी लावून आलाय. म्हणून मी यांना एकटं बाहेर सोडणं बंद केलं होतं. पण पहाटे तासभर एकट्याने फिरणं, हा माणूस त्याच्यावर जगतो. घरात नुसता कोमेजून गेला. शेवटी अमीनाबादच्या बाजारातून निळा पट्टा आणून यांच्या मनगटात घातला आणि पार्कच्या चौकीदाराकडून घोकून घेतलं: निळा पट्टा डगमगताना दिसला की आधी तोंडात साखर, मग मला फोन. चौकीदार दर चार महिन्यांनी बदलतो, पण जाणारा येणाऱ्याला शिट्टीबरोबर तेवढं सांगून जायचा. सहा वर्षांत तीन वेगवेगळ्या चौकीदारांनी यांना वाचवलं. यांचं नावही त्यांना ठाऊक नव्हतं.

उन्हाळ्यात गजेंद्रबाबूंनी तो पट्टा पाहिला. "बहुत बढ़िया आइडिया है, भाभीजी." मी हुरळले आणि दुकानाचा पत्तासुद्धा दिला. तेव्हा माझी अक्कल कुठे चरायला गेली होती, कोण जाणे.

तीन दिवसांपूर्वी साडेसात झाले तरी हे परतले नाहीत, म्हणून मी धावत गेले. हे पार्कच्या गेटाबाहेर फुटपाथवर बसलेले. एक बूट पायात, एक हातात, पँट ओली. डोळे उघडे होते, पण मला ओळखत नव्हते. आणि समोरून लोक निळी मनगटं हलवत घरी चालले होते.

मी माइक तोंडाजवळ धरला. "इस पट्टे का मतलब कौन बताएगा?"

"जागरूकता," कुणीतरी म्हणालं.

"अच्छा. उस दिन मेरे पति चालीस मिनट गेट के बाहर बैठे थे. ये पहनकर उनके सामने से कौन-कौन निकला? हाथ उठाइए."

कुणी हात वर केला नाही. बाह्या मात्र भराभर खाली ओढल्या गेल्या. गजेंद्रबाबू पुटपुटले, "भाभीजी, आज खुशी का मौका है."

तेवढ्यात मागे दाराशी एक हात वर झाला. त्या मनगटावर पट्टा नव्हता. तो राघव, आमचा नवा चौकीदार, पन्नाशीचा माणूस.

"हम थे, माताजी. हमने ही बाहर बिठाया. समझे, पीकर आए हैं. पिछला गार्ड बता गया था, नीला पट्टा माने चीनी. पर यहाँ तो सबके हाथ में है. किस-किस को खिलाते?"

त्याच्यावर कसली चिडणार मी? मी माइक खाली ठेवला आणि यांना घेऊन निघाले.

वाटेत हे म्हणाले, "उगाच बोललीस, सुलभा. चांगल्या कामाला पैसे मिळाले ना?"

"दुसऱ्या रंगातही मिळाले असते."

घरी आल्यावर यांनी शाल घडी करून ठेवली, मनगटातला पट्टा काढला आणि शालीवर ठेवला.

"मी लाल आणते उद्या," मी म्हटलं.

"आणि पुन्हा साऱ्या गावाला शिकवत बसणार? राहू दे."

दुसऱ्या दिवशी सहाला मी कणीक मळत होते. हे नेहमीसारखे उठले, बूट घातले, नाड्या बांधल्या. मग दार न उघडता दाराजवळच्या खुर्चीवर बसले आणि माझं आटोपायची वाट बघत राहिले.