तोफबाईंचा शास्त्रवर्ग

तोफबाईंनी डस्टर टेबलावर आपटलं आणि खांबाला टेकून बसलेला सुतार दचकून जागा झाला.

"सांगा सुतार, महापुरात प्राण्यांच्या जोड्या वाचवणाऱ्या नोहाच्या तारवाला दार कुठे होतं?"

"दाराचं असं आहे बाई," सुतार डोळे चोळत म्हणाला, "लाकूड ओलं असेल तर आज बसवू नका. फुगतं."

हॉलमध्ये हशा पिकला. जे हसले नाहीत ते झोपलेले होते, आणि ते काही कमी नव्हते. पुढच्या रांगेत ड्रायव्हरची मान छातीवर पडली होती. खिडकीजवळच्या दोघी एकमेकींच्या खांद्याला डोकं लावून कधीच्या गाढ गेल्या होत्या. तोफबाईंनी कमरेवर हात ठेवले.

"वकीलबाई, तुम्हीच सांगा."

"बाजूला," दाराजवळच्या खुर्चीवरून लगेच उत्तर आलं. "पण मला एक कळत नाही बाई. वाघ आणि शेळी शेजारीशेजारी बांधली असतील का? बांधली असतील तर शेळीला झोप कशी लागली असेल?"

या एका बाईच्या जिवावर तोफबाईंचा वर्ग चालला होता. निदान त्यांना तसं वाटत होतं. वकीलबाई कोणी शिकलेली वकील नव्हती. बस स्टँडवरून हुसकावायला आलेल्या शिपायाला तिने एकदा असे काही उलटे प्रश्न विचारले की बिचारा स्वतःच निघून गेला. तेव्हापासून तिचं हे नाव पडलं. वर्गात ती ताठ बसायची, पापणी पडू द्यायची नाही आणि प्रत्येक गोष्टीतून शंका काढायची. तोफबाई चर्चमध्ये चारचौघींना सांगायच्या, "बाकीचं बी खडकावर पडलं तरी चालेल. एक दाणा माझा चांगल्या जमिनीत पडलाय."

तोफबाई जन्मभर शाळेत कवायत शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांचा "सावधान" मैदान ओलांडून पलीकडच्या इमारतीत जायचा आणि तिथली माणसं उगाच सरळ उभी राहायची. मुलांनी ठेवलेलं नाव त्यांनी रस्त्यावरच्या या मंडळींना कधी सांगितलं नव्हतं. यांनी ते दोन दिवसांत स्वतःहून शोधून काढलं. पुलाखाली, स्टँडवर, बंद दुकानांच्या पायऱ्यांवर राहणारी ही माणसं रोज सकाळी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये यायची. आधी पवित्र शास्त्राचा, बायबलचा पाठ, मग चहा आणि पाव. दार पाठ संपेपर्यंत सताड उघडं. देवाच्या घराला कडी लावायची नाही, असा बाईंचा दंडक होता.

त्या संध्याकाळी त्यांचा भाचा घरी आला. भाचा म्हणजे चर्चचे पाळकसाहेब. चारचौघांत तोफबाई त्याला "अहो पाळकसाहेब" म्हणायच्या आणि घरात "बाळ्या". चहाचा कप हातात घेऊन तो बराच वेळ नुसताच ढवळत बसला.

"आत्या, रागावू नकोस."

"म्हणजे रागावण्यासारखंच काहीतरी आणलंयस. बोल."

"समितीला सकाळचा हॉल शिलाईवर्गाला द्यायचाय. म्हणतात, तिथे शास्त्र कोणी ऐकत नाही. येतात आणि घोरतात."

"कोण म्हणतं?"

"खिडकीतून ऐकू येतं गं."

"खिडकीतून माझा आवाज ऐकू येतो!"

"तुझाही येतो," पाळक म्हणाला. "त्यांचाही येतो."

 तोफबाईंनी त्याच्या हातातला कप काढून घेतला. चहा पार थंड झाला होता.

"मी परवा येऊन बसतो," तो म्हणाला. "लोक ऐकताना दिसले तर समितीला मी तोंड देईन. दिसले नाहीत तर मला काही बोलता यायचं नाही."

"ये. खुशाल ये. माझ्या वर्गात कोण झोपतं ते बघतेच."

दुसऱ्या दिवशी पाव वाटताना त्यांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. उद्या पाळकसाहेब येणार. माना पडलेल्या दिसल्या तर हॉल गेला. हॉल गेला तर वर्ग गेला आणि चहाही गेला.



"हात्तिच्या!" ड्रायव्हर म्हणाला. "मी रात्र रात्र ट्रक हाकलाय. सकाळी तासभर जागायचं काय घेऊन बसलात?"

"बाई, तुमची मान खाली जाऊ द्यायची नाही," सुतार म्हणाला. "दिला शब्द."

 वकीलबाईने पाव फडक्यात गुंडाळला आणि पिशवीत ठेवला.

ठरलेल्या सकाळी तोफबाई लवकर आल्या, तर मंडळी त्यांच्याही आधी हजर. आवारातल्या नळाखाली एकेक जण डोकं घालत होता. हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि बामाचा असा भपकारा आला की त्यांनी पदर नाकाला लावला. ड्रायव्हरची युक्ती होती ती. डोळ्यांखाली बोटभर बाम चोळला की झोपेची काय बिशाद! डबी हातोहात फिरली होती. सुतार तर बसलाच नव्हता. खांबाजवळ हाताची घडी घालून उभा होता. एकूण एक जण ताठ, केस ओले, डोळे लालभडक आणि गालांवरून धारा.

पाळकसाहेब आले आणि मागच्या खुर्चीवर बसले. तोफबाईंनी घसा खाकरला. त्या दिवसासाठी त्यांनी येशूने वादळ शमवल्याची गोष्ट निवडली होती. वादळाला त्यांचा आवाज शोभून दिसायचा.

आणि वर्ग असा रंगला म्हणता! येशू बसला ती नाव कोणाची, ड्रायव्हरने सांगितलं. किनाऱ्यावर गर्दी का होती, खिडकीजवळच्या दोघींनी एका सुरात सांगितलं. वारा सुटला तेव्हा तोफबाईंनी टेबल हलवून दाखवलं. लाटा आल्या तेव्हा पुढच्या रांगेने पाय वर घेतले. वर्गात फेरी मारण्याच्या निमित्ताने त्या मागे गेल्या तेव्हा पाळकाने त्यांचा हात धरला. त्याचा आवाज ओला झाला होता.

"आत्या, रडताहेत गं ही माणसं."

तोफबाईंनी त्याला बामाचं सांगितलं नाही. सांगायला हवं होतं हे कळत होतं, पण जिंकत आलेला डाव कोण मोडतो? त्या छाती काढून पुढे आल्या.

"आणि प्रभू येशू कुठे होता? नावेच्या मागच्या बाजूला, उशीवर डोकं टेकून झोपलेला! शिष्यांनी त्याला गदागदा हलवलं. म्हणाले, आम्ही बुडतोय आणि तुम्ही झोपलात?"

"उठवायचं कशाला?" दाराजवळून वकीलबाईने विचारलं.

पाळकसाहेबांनी कौतुकाने मान वळवली. तोफबाईंनाही आनंदाच्या उकळ्या फुटल्या. आली, त्यांची हुकमी विद्यार्थिनी मदतीला आली!

"वादळ होतं ना. नाव बुडत होती."

"बुडत होती तर पाणी उपसायचं. निम्मे कोळीच होते ना त्यातले? दिवसभर लोकांशी बोलून बोलून तो माणूस दमला होता. त्यात कधी नव्हे ती उशी मिळाली. असा माणूस एकदा झोपला की त्याला हलवू नये बाई. परत नाही लागत झोप."

"खरं आहे," पुढून कोणीतरी हळूच म्हणालं.

"आणि मी म्हणते, एवढे जण नावेत. एकालाही वाटलं नाही, आपण जागू आणि याला झोपू देऊ?"

"सगळ्यांच्या नावेत तू नसतेस ना," खांबाजवळून सुतार म्हणाला. जागरणाने त्याची जीभ सैल झाली होती. "बाई, तुम्हाला सांगतो, आमच्या पिशव्यांवर रोज हीच डोळा ठेवते. मागे इथून एकाची पिशवी गेली, औषधं आणि कागदपत्रांसकट. तेव्हापासून ही दाराशी बसते. ही आहे म्हणून तर आम्ही इथे बिनघोर झोप..."

त्याने जीभ चावली. ड्रायव्हरने कपाळावर हात मारला.

"आज नाही झोपणार साहेब!" सुतार घाईघाईने पाळकाकडे वळून म्हणाला. "काल रात्री आम्ही कोणी पाठच टेकली नाही. एकदा आडवे झालो तर वेळेवर उठायचो नाही, म्हणून बसूनच काढली रात्र. बाईंना शब्द दिला होता."

दाराशेजारी भिंतीला लागून पिशव्यांचा ढीग होता. रोजच असायचा. तोफबाईंनी तो आज पहिल्यांदा नीट पाहिला. मग वकीलबाईच्या खुर्चीकडे पाहिलं. ती फळ्याकडे तोंड करून नव्हतीच. तिरकी होती, ढिगाकडे.

"म्हणजे तुम्ही जाग्या राहता ते पाठासाठी नाही?"

"पाठ ऐकते की," वकीलबाई म्हणाली. "कान रिकामेच असतात."

"आणि रात्री?"

"रात्री आम्ही बायका एकत्र असतो. कोणीतरी जागं लागतंच."

"मग तुम्ही झोपता कधी?"

 वकीलबाईने पदराने डोळ्याखालचा बाम पुसला.

"बघू," ती म्हणाली.

तोफबाईंना लाज वाटली. साधी नाही, कानाच्या पाळ्या गरम करणारी. चारचौघींत मिरवलेला तो चांगल्या जमिनीतला दाणा! आणि ही लालभडक डोळ्यांची माणसं, जी त्यांना दिलेल्या शब्दाखातर रात्रभर बसून राहिली आणि आता खुर्चीच्या कडा धरून स्वतःला ताठ ठेवत होती. इतकी वर्षं त्या डस्टर आपटून कोणाला उठवत होत्या?

मागे पाळक वाट बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरून तोफबाईंना स्पष्ट दिसत होतं की हॉल अजून हातचा गेलेला नाही. झोपतात हे त्याने ऐकलं, पण आज तर जागे होते. आता फक्त वादळ शमवायचं, एक प्रार्थना म्हणायची की काम फत्ते.

त्यांनी डस्टर उचलून टेबलाच्या खणात ठेवून दिलं आणि बायबलचं पान उलटलं.

"बसा सुतार," त्या म्हणाल्या. "आता आपण वंशावळ वाचणार आहोत."

पाळक चमकला. वंशावळ कोणी वाचत नाही. पानभर नुसती नावं, अमक्याला तमका झाला आणि तमक्याला फलाणा. त्याने हात वर करून आत्याला खूण केली. आत्याने पाहिलं आणि मान फिरवली.

पहिली दोन नावं त्यांच्या नेहमीच्या आवाजात गेली आणि खिडकीची तावदानं हलली. त्या थांबल्या. मग आवाज खाली आणला. जमेना, आयुष्यात कधी आणला नव्हता. घशात खरखर झाली, एक नाव अर्धवट तुटलं. आणखी खाली आणला. आता एका पिढीमागून दुसरी पिढी सावकाश येऊ लागली, न अडखळता, न थांबता, कोणाला काही न विचारता.

पहिली मान ड्रायव्हरची पडली. मग खिडकीजवळच्या दोघी कलंडल्या. सुतार बसल्याबसल्या फरशीवर घसरला आणि हाताची उशी करून वळला. कोणीतरी घोरायला लागलं, आणि त्याच्यासोबत आणखी कोणीतरी.

वकीलबाई ताठच होती.

तोफबाई वाचत वाचत टेबलामागून निघाल्या. एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हाताने खुर्ची उचलून त्या दाराकडे गेल्या. पिशव्यांच्या ढिगाला खुर्ची लावून बसल्या. वरच्या पिशवीचा बंद त्यांनी मनगटाला गुंडाळला, दोन्ही पाय पसरून खालच्या पिशव्यांवर ठेवले आणि वकीलबाईकडे पाहिलं. वाचन थांबवलं नाही.

वकीलबाईने तो बंद पाहिला, ते पाय पाहिले. बाईंचं रुंद शरीर दाराच्या आणि पिशव्यांच्या मध्ये कसं बसलंय तेही पारखून घेतलं.  मग ती शेजारच्या खुर्चीवर हळूहळू वाकली, डोकं टेकलं, आणि पुढच्याच नावाला तिचं तोंड लहान मुलासारखं उघडं पडलं.

मागची खुर्ची सरकली. पाळकसाहेब उठले होते. गेला हॉल, तोफबाईंच्या मनात आलं, आणि गेला तर जाऊ दे, असंही लगेच आलं. आजचा तास तरी कोणी काढून घेणार नव्हतं. त्यांनी डोळे पानावरून हलवले नाहीत. पाळक दोन पावलं चालला. त्याचे बूट करकरले. तो थांबला, खाली वाकला, बूट काढून हातात घेतले आणि मोज्यांनी चालत त्यांच्याजवळ आला. तोफबाईंचा आवाज तोवर पार बसला होता. शेवटची काही नावं नुसत्या श्वासासारखी निघत होती.

"आत्या," तो कुजबुजला, "आण इकडे. कुठवर आलीस?"

त्यांनी बोट ठेवून दाखवलं. तो जमिनीवर, पिशव्यांच्या दुसऱ्या बाजूला मांडी घालून बसला आणि तिथून पुढे वाचू लागला. उपदेशाचा आवाज नाही, घरातला, हळू. वंशावळ संपली. हॉलमध्ये कोणीतरी चुळबुळलं. पाळकाने एकदा मान वर करून बघितलं, पान मागे उलटलं आणि पुन्हा पहिल्या नावापासून सुरुवात केली.