पारा खाली येईपर्यंत

मित्रांनो, मी एका प्रसूतिगृहातला जुना रक्तदाबमापक. पाऱ्याची काचेची नळी, दंडाला गुंडाळायचा पट्टा आणि हवा भरायचा रबरी फुगा, एवढाच माझा संसार. कारखान्यातून आलो तेव्हा माझी पेटी लखलखत होती आणि डॉक्टरबाई मला कुणाला हात लावू देत नसत. पुढे कितीतरी जणींचे दंड मी ओळखू लागलो. त्यांतली एक ड्रायव्हरताई.

ती लांब पल्ल्याची बस चालवायची. चाळिशी उलटल्यावर तिला पहिल्यांदा दिवस गेले होते. अशा वेळी रक्तदाब वाढायची भीती जास्त, म्हणून डॉक्टरबाई तिला वरचेवर बोलवत. दर वेळी माझा पारा शहाण्यासारखा वागला.

आठव्या महिन्यात एका सकाळी ती नवऱ्याबरोबर आली. तो बेकरीत पाव भाजायचा. बाह्यांना पीठ तसंच होतं. तिच्या चपलांचे पट्टे सुजलेल्या पायांत रुतले होते.

"डोकं ठणकतंय जरा," ती म्हणाली. "झोप झाली नसेल."

सिस्टरने पट्टा बांधला. हवा सोडताना पारा फार वर असतानाच पहिला ठोका लागला, म्हणजे रक्तदाब खूप वाढलेला.

"तुमचं यंत्र म्हातारं झालंय हो," ताई हसली. "माझ्यासारखंच!"

सिस्टर हसली नाही. तिला थोडा वेळ शांत बसवून तिने दुसऱ्या दंडावर मोजलं. ठोका तिथेच. आपण खोटे ठरावं, असं मला आयुष्यात तेव्हाच वाटलं.

डॉक्टरबाई धावत आल्या. "डोळ्यांपुढे काही चमकतं का?"

"काजवे. सकाळपासून."

लघवी तपासली, तर तिच्यात प्रथिनं निघाली आणि बाईंचा चेहरा उतरला. "बाळ आजच बाहेर काढायला हवं."

"पण दिवस कुठे भरलेत?" नवऱ्याचा आवाज चिरकला. "थोडं थांबू ना. इतक्या वर्षांनी..."

"थांबलो तर हिला झटके येतील. दोघंही हातची जातील."

तो भिंतीला टेकला. ताईनेच त्याला म्हटलं, "अरे, हात धुऊन घे आधी. बाळाला पीठ लागेल."

झटके रोखणारं औषध सुरू करून तिला शस्त्रक्रियेला नेलं. मी टेबलावरच राहिलो. दाराबाहेर चपलांची धावपळ ऐकू येत होती, आणि मग बराच वेळ काहीच नाही.

मुलगी झाली. इवलीशी. तिला लगेच काचेच्या उबदार पेटीत ठेवलं. सगळ्यांना वाटलं, सुटलो. पण ताईच्या दंडावर मला पुन्हा बांधलं, तर पारा उतरायचं नाव घेईना. बाळंतपणानंतरही हा धोका टळत नाही, मित्रांनो. सिस्टर औषध द्यायची, मोजायची, पुन्हा मोजायची. नवरा भट्टीकडे बघावं तसा माझ्या नळीकडे टक लावून उभा होता.

दिवस कलता कलता ठोका खाली आला. सिस्टरने एकदम खुर्ची ओढली आणि मटकन बसली. ताईने डोळे उघडून विचारलं, "रडली का ती?"

"सगळा मजला डोक्यावर घेतला!" नवरा म्हणाला आणि स्वतःच रडू लागला.

आता पाऱ्याची यंत्रं मागे पडली. मी कपाटात असतो. कुणी विचारत नाही, त्याचं थोडं वाईट वाटतं. पण तुमच्या घरात मावशी, काकू, कुणी बाळाची वाट पाहत असेल आणि म्हणाली, "काही नाही, नुसतं डोकं दुखतंय," तर तिचं वय काढू नका. तिला घाबरवूही नका. मोठ्यांना हाक मारा, तिच्याबरोबर दवाखान्यात जा, आणि दंडावरचा पट्टा सुटेपर्यंत तिच्याजवळ बसा.